हैबतीची वेलांटी

महाड,
२२ नोव्हेंबर २००७

रा. रा. राजाभाऊ यांस,

महाडहून हरिबाचा नमस्कार. तुम्ही वयाने लहान, पण बायकोचे भाऊ. तेव्हा नमस्कार मी आधी करायचा, हे तुमच्या बहिणीने लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवून दिलं आहे. तिकडे चिपळुणात सर्व ठीक असेल. माधुरीवहिनींचा गुडघा कसा आहे? आणि तुमचे दात? पुढच्या दोन दातांमधली फट बुजवून घ्यायची असं गणपतीत म्हणाला होतात. डॉक्टरकडे गेलात का? (सवडीने नको, लगेच कळवा.) लहानपणी त्या फटीतून शीळ घालायला जायचात आणि नुसता वारा निघायचा, ही गोष्ट तुमची बहीण अमिता अजून सांगते. काल मात्र सांगताना हसली नाही.

आम्ही सर्व खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे.

पत्रास कारण, तुम्ही मे महिन्यात दिलेली सीडी. माझी टिपणं संगणकावर नीट लावण्यासाठी तुम्ही तीन सॉफ्टवेअरं दिली होती आणि म्हणाला होतात, वापरून बघा आणि एक ठरवा. ते ठरत नाही. तेवढ्यासाठी हे पत्र आहे. (ई-मेल करत नाही. ई-मेल तुमच्या भाचीच्या, स्नेहलच्या संगणकावरून जाते, आणि स्नेहलने सध्या मला त्या संगणकापासून चार हात लांब ठेवलं आहे. फोन बैठकीच्या खोलीत आहे आणि बैठकीच्या खोलीत तुमची बहीण आहे.)

माझी टिपणं तुम्ही पाहिली आहेत. पंचवीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवली आणि पंचवीस वर्षं पाठकोऱ्या कागदांवर लिहीत राहिलो. पोलादपूर आणि महाड या दोन तालुक्यांतली घराणी, कोण कुठून आलं, कुणाची मुलगी कुठे दिली, कुठल्या वाडीला कुठला शब्द वापरतात. चपलांच्या खोक्यांत कागद. दोन वर्षांपूर्वी सावित्रीच्या पुराचं पाणी घरात आलं तेव्हा सहा खोकी भिजली आणि आम्ही कागद दोरीवर वाळत घातले. अमिता तेव्हा म्हणाली होती, सावित्रीला कळलं ते ह्यांना कळत नाही. त्यानंतर मी संगणकाचा विचार करू लागलो.

तुम्ही मला समजावलंत ते मला पटलं होतं. विकी म्हणजे प्रत्येक गोष्टीला एक पान. त्या पानावर दुसऱ्या कुणाचं नाव आलं की त्यावर टिचकी मारायची आणि त्याच्या पानावर जायचं. खोकी नाहीत, दोरी नाही. हे ऐकून मला वाटलं, आपलं गाव असंच तर आहे. एका घराचं नाव काढलं की माणूस दुसऱ्या घरात जाऊन पोचतो. (वाटण्यात चूक नव्हती. पुढे झाली.)

पहिलं सॉफ्टवेअर मी उतरवून घेतलं. ते चालवायला आधी घरातच एक सर्व्हर सुरू करावा लागतो. म्हणजे आपणच दुकान उघडायचं, आपणच गिऱ्हाईक व्हायचं आणि आपल्याच दाराशी उभं राहून वाट बघायची. त्यात आमच्याकडे भारनियमन. वीज गेली की दुकान बंद, आणि आली की पुन्हा कुलूप काढण्यापासून सुरुवात. मी पाच वेळा दुकान उघडलं. सहाव्यांदा त्याने मलाच विचारलं की तुम्ही कोण. मी नाव घातलं. त्याने ओळख दिली नाही.

दुसरं दिसायला फार चांगलं. त्याचा नियम असा की दोन शब्द जोडून लिहायचे आणि प्रत्येकाचं पहिलं अक्षर मोठं काढायचं. मोठं अक्षर दिसलं की ते ओळखतं, हे नाव आहे, आणि दुवा तयार करतं. मी सबंध रविवार मराठी टाइप केली. एकही दुवा तयार झाला नाही. आपल्याकडे मोठी लिपी नाही, राजाभाऊ. देवनागरीत सगळी अक्षरं एका उंचीची, डोक्यावर एकच रेघ. पाटील असो की पाटलाचं कुत्रं असो. हे मला माहीत असायला हवं होतं, माझा तो विषय आहे. पण त्या दिवशी मी अक्षरं ठळक करून पाहिली, आकाराने वाढवून पाहिली, शेवटी रोमनमध्ये लिहिलं. माझ्या आजोबांच्या गावाचं नाव रोमनमध्ये असं दिसलं की मलाच तिथे जावंसं वाटेना.

म्हणून तिसरं. सगळा विकी एकाच फाइलीत. नावाला चौकोनी कंस घातला की दुवा झाला. सर्व्हर नाही, मोठी अक्षरं नाहीत. त्याची एकच अट: एका नावाचं एकच पान. ही अट मला तेव्हा लहान वाटली.

आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. मी हरिबा, माझे आजोबा हरिबा. पहिल्याच आठवड्यात माझ्या पानावर असं दिसू लागलं की मी मराठी विषयात एम. ए. केलं, शेतावरच्या बांधावर साप चावून वारलो, आणि नंतर माझं लग्न अमिताशी झालं. आम्ही सगळे हसलो. तुमची बहीण म्हणाली, शेवटचं वाक्य सोडून बाकी दुरुस्त करा. मी ‘थोरले हरिबा’ आणि ‘हरिबा’ अशी दोन पानं केली आणि प्रश्न सुटला असं समजलो.

मजकूर चढवायचं काम स्नेहल करत होती. मी कागद वाचायचो, ती टाइप करायची. तुम्हाला हे माहीत आहे, तरी लिहितो (हल्ली मी सगळं फोड करून लिहितो): तुमच्या मातोश्री कै. साळूबाई या तुडीलच्या हैबती सकपाळांच्या कन्या. हे हैबती तुमचे आजोबा. ते मुलीला घेऊन मुंबईला गेले, तिकडेच राहिले, आणि त्यांचं तुडीलचं घर मोडलं. तुडीलला दुसरे एक हैबती होते, हैबती उतेकर. त्यांचे चिरंजीव भागोजी. भागोजींचा मुलगा साहिल. साहिल म्हणजे कोण, ते मी खाली लिहिणार आहे, पण तुमच्या भाचीकडून ते तुम्हाला माझ्याआधीच कळलेलं असणार. ती दोघं औद्योगिक वसाहतीतल्या एकाच कंपनीत कामाला आहेत. त्यांनी लग्नाचं आपापसांत ठरवलेलं होतं. ते आम्हाला माहीत होतं, आणि आम्हाला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. तरी बैठक रीतसर ठरली.

बैठकीच्या आदल्या शनिवारी मी विकी चाळत होतो. एका पानाचं नाव दिसलं: हैबति. ती ऱ्हस्व. मराठीत शब्दाच्या शेवटी आलेली वेलांटी दीर्घ असते हे मी पंचवीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो. माझ्याच मुलीच्या हातून, माझ्याच घरात, शेवटची वेलांटी ऱ्हस्व. मी ती दीर्घ केली. संगणकाने इंग्रजीत काहीतरी विचारलं. या नावाचं पान आधीच आहे, दोन्ही एकत्र करू का, असा त्याचा अर्थ होता हे मला आता पाठ झालं आहे. तेव्हा मला वाटलं, तो विचारतो आहे की सगळीकडे सुधारू का. इतका आज्ञाधारक विद्यार्थी मला आयुष्यात मिळाला नव्हता. मी ‘हो’ म्हटलं. त्याने सगळीकडे सुधारलं.

एक वेलांटी दीर्घ झाली आणि तुडीलचे दोन पुरुष एक झाले.

(स्नेहलने नंतर सांगितलं ते असं: एका नावाची दोन पानं होत नाहीत म्हणून तिने आपल्या पणजोबांना मुद्दाम ऱ्हस्व ठेवलं होतं आणि उतेकरांना दीर्घ. लक्षात ठेवायला सोपं, बाबा, आपला तो छोटा. मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही. ती म्हणाली, तुम्ही वाचलं असतं तर लगेच सुधारलं असतं.)

रविवारी उतेकर मंडळी आली. भागोजीराव, त्यांच्या पत्नी, साहिल आणि भागोजीरावांच्या मातोश्री बयाबाई. बयाबाईंना तुम्ही पाहिलेलं नाही. ऐंशीच्या आसपास, पाठ ताठ, बोलणं थोडं. त्यांच्या घरात त्यांनी मान हलवल्याशिवाय म्हैससुद्धा विकत नाहीत. बोलणी चांगली झाली. देणंघेणं नाही, लग्न महाडला, साखरपुडा दोन डिसेंबरला. ताटात सुपारी ठेवलेली होती. चहा झाला की सुपारी फोडायची आणि पक्कं करायचं. चहा आणि सुपारी यांच्यामध्ये साहिल मला म्हणाला, काका, स्नेहल सांगत होती तुम्ही विकी केलाय, बघू ना. मला थांबता आलं असतं. वीज त्या दिवशी नेमकी होती.

मी त्याचं पान उघडून दिलं. पोराला आनंद झाला. त्याने बापाच्या नावावर टिचकी मारली, बापावरून आजोबांच्या. हैबतीच्या पानावर खाली अपत्यं लिहिली होती: भागोजी, साळूबाई. त्याने साळूबाईंवर टिचकी मारली. तिथे अपत्यं: अमिता, राजू. मग हा मुलगा, ज्याच्या मनात काही काळंबेरं नाही, मोठ्याने म्हणाला, “अरे! म्हणजे काकू माझी आतेबहीण!” आणि एक क्षण थांबून, जरा हळू, “म्हणजे मी स्नेहलचा…”

मामा, असा शब्द होता तो. तो त्याने उच्चारला नाही. त्या खोलीत तो सगळ्यांना ऐकू आला.

भागोजीराव हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले, “सर, मला भैन नाय हो. मी एकटाच.” मीही हसलो. मी सांगू लागलो की ही वेलांटीची चूक आहे. तुम्हीच विचार करा, लग्नाच्या बैठकीत वेलांटी समजावून सांगायची म्हणजे काय. मी फळ्याशिवाय बोलू शकत नाही. मी हवेत बोट फिरवून ऱ्हस्व आणि दीर्घ काढून दाखवलं. साहिलची आई माझ्या बोटाकडे पाहत होती. बयाबाई कुणाकडेच पाहत नव्हत्या. मग त्यांनी पदर सारखा केला आणि विचारलं:

“ती साळू माझ्याआदीची का माझ्यामागची, येवढं सांगा.”

त्या उठल्या. मंडळी उठली. सुपारी ताटात राहिली.

राजाभाऊ, बयाबाईंना मुलामुलीच्या नात्याचं काही पडलेलं नाही. त्यांना वाटतं की त्यांच्या नवऱ्याने दुसरं घर केलं होतं. हैबती उतेकर आठ महिने मुंबईला गोदीत असत आणि पावसाळ्याचे चार महिने तुडीलला. त्या आठ महिन्यांबद्दल बयाबाईंनी कधी काही विचारलं नव्हतं. आता त्यांना उत्तर मिळालं आहे, माझ्या विकीवरून.

मंगळवारी मी तुडीलला गेलो. ओटीवर फोटो होता, हैबतींचा, चंदनाच्या हारासकट. तोंड भिंतीकडे करून टांगलेला. आम्ही त्या फोटोच्या पाठीकडे बघत बसलो. मी दोन्ही घराण्यांचा कागद नेला होता. दाखवला. आडनावं वेगळी आहेत, सकपाळ आणि उतेकर. बयाबाई म्हणाल्या, “दुसरं घर मांडणारा काय आडनाव सांगून मांडतो?” मी म्हटलं, या गावात दुसरे हैबती होते. त्या म्हणाल्या, “मी नांदाया आले तवा नव्हता कुणी. माझाच एक होता.” हे खरं आहे, कारण तुमचे आजोबा त्याआधीच गेले होते. खरी गोष्ट इतकी निरुपयोगी मी पहिल्यांदा पाहिली. शेवटी मी म्हटलं, आजी, यंत्राने चूक केली. त्यावर त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “सर, तुमी खोटं बोलाल. यंत्र कशाला बोलंल? त्याला काय पोरगी उजवायची हाय?”

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

निघताना त्या जरा मऊ झाल्या. मऊ म्हणजे माझ्याशी नव्हे, फोटोच्या पाठीशी. म्हणाल्या, “पुढल्या दातात फट होती त्याच्या. शीळ घातली का पल्याडल्या डोंगरावरची गुरं वळायची.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “मीबी तशीच वळले.”

भागोजीराव मला एस्टीपर्यंत सोडायला आले. सज्जन माणूस. म्हणाले, “सर, माझं काय नाय. पन आई पाटावर बसली नाय तर साखरपुडा व्हायचा नाय.” साहिल गेले तीन दिवस कंपनीतून थेट घरी जातो. स्नेहल कामावर जाते, येते, जेवते. रडत नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. न फुटलेली सुपारी देवघरात आहे आणि तुमची बहीण सकाळ-संध्याकाळ मला तिच्यासमोर उभं करते. काल म्हणाली, “लोकांच्यात पाहुण्यांना पोहे देतात आणि गप बसतात.” माझी पंचवीस वर्षांची टिपणं आणि तिचं एक वाक्य. तिच्या वाक्याला दुव्याची गरज पडत नाही.

अमिताने एक उपाय काढला होता. तुमच्या आजोबांचा फोटो आमच्याकडे आहे, मुंबईला जाताना महाडला काढलेला. तो तुडीलला न्यायचा आणि दोन फोटो शेजारी ठेवायचे, म्हणजे माणसं दोन होती हे डोळ्यांनी दिसेल. मी फोटो काढून पुसला आणि पाहत राहिलो. तुडीलचा फोटो सरळ होता तेव्हा मी पाहिलेला आहे. तोच कोट. तोच फेटा. मागे तोच रंगवलेला बगीचा आणि हाताखाली तीच नक्षीची खुर्ची. त्या काळी महाडला एकच स्टुडिओ होता, आणि तो गिऱ्हाइकाला कोट-फेटा स्वतःचा घालायला देत असे. मधे फक्त चेहरा राहतो. तोही दोघांचा सारखाच घाबरलेला. फोटो मी परत ट्रंकेत ठेवला, तळाशी.

तर मूळ मुद्दा. तीन सॉफ्टवेअरांपैकी कोणतं? पहिल्याने मला ओळखलं नाही, दुसऱ्याने माझी लिपी ओळखली नाही, तिसऱ्याने माझ्यावर विश्वास ठेवला. विचार करता पहिलंच बरं वाटतं. एका नावाची दहा माणसं ठेवू देणारं एखादं असेल तर कळवा. नसेल तर मला वाटतं ते करणाऱ्यांच्या गावात माणसं कमी असावीत.

माधुरीवहिनींना नमस्कार. चि. पियुषला आशीर्वाद. कळावे, आणि समजूनही घ्यावे.

आपला,
हरिबा

ता. क. सॉफ्टवेअरचं नंतर कळवलं तरी चालेल. येत्या रविवारी तुम्ही स्वतः या. बयाबाईंनी काल भागोजीरावांकडून निरोप पाठवला आहे: “त्या साळूचा पोरगा हाय ना, त्याला आना. तोंड बघते. माझ्या मान्साचं असंल तर मला कळंल.” तोंड बघून त्या काय ते ठरवणार. त्यानंतर फोटो सरळ होईल किंवा होणार नाही, आणि साखरपुड्याचंही तेच. पहाटेच्या गाडीने निघा. कशेडीत ट्रक आडवा झालेला असेल तर घाट चालत उतरा, मी पोलादपूरला येऊन थांबतो.

ता. क. २. वर दातांचं विचारलं ते सहज नव्हतं. फट अजून असेल तर शनिवारपर्यंत बुजवून घ्या, खर्च माझा. ते होत नसेल तर बयाबाईंसमोर तोंड मिटून बसा आणि कशालाही हसू नका. फट हा निव्वळ योगायोग आहे. दोन तालुक्यांत तसे दात पुष्कळ आहेत, माझ्याकडे टिपण आहे. (तरी एक विचारतो. तुमच्या आईने कधी काही वेगळं सांगितलं होतं का? नसेल सांगितलं. उत्तर लिहू नका.)

ता. क. ३.
मामा, बाबांनी पाकीट माझ्याकडे पोस्टात टाकायला दिलं आणि चिकटवलं नव्हतं. दातांना काही करू नका. फटीचं मी काल तुडीलला जाऊन आजींना स्वतःच सांगितलं. लपवून लग्न नको मला. आजी म्हणाल्या, “फट काय गो, कुनालाबी असते. शीळ वाजली पायजे. त्याच्या घरात बाप्या मान्साची शीळ वाजली नाय असं झालं नाय. भागोजीची वाजते, साहिलची वाजते. येऊदे तुझ्या मामाला, माझ्याम्होरं घालूदे शीळ.” तर मामा, हसतच या. आपल्या हैबति आजोबांची आठवण ठेवा आणि जीव तोडून शीळ घाला. तुम्हाला अजून येत नाही ना? शिकला नाहीत ना मधे कुठे? – स्नेहल

(पाकीट चिकटवताना वरची ऱ्हस्व वेलांटी मी पाहिली आहे. हात लावलेला नाही. – ह.)